अवगोलेमोनो: अंडं न फुटता लिंबाचं चिकन सूप (कामाच्या नोंदी)

शनिवार, ४ जानेवारी २०२५

करायचं आहे ते ग्रीक कोतोसुपा, म्हणजे कोंबडीचं सूप, अवगोलेमोनो, म्हणजे फेटलेलं अंडं-लिंबू, लावून. कोंबडीचं पाणी, थोडा तांदूळ, अंडी, लिंबू, मीठ, मिरी. संपली यादी. क्रीम नाही, लोणी नाही, कॉर्नफ्लॉवर तर नाहीच. जो काही दाटपणा येतो तो अंडी आणि तांदूळ यांच्यामुळेच.

मोजपट्टी आधी लिहून ठेवतो, नाहीतर मध्येच ‘हेही बरं लागतंय’ म्हणून समाधान मानलं जाईल. जहाजावर इंजिनीअर होतो तेव्हा पिरेअसजवळच्या पेरामाच्या दुरुस्ती यार्डात भर हिवाळ्यात आमचं जहाज लागलं होतं. फाटकाबाहेरच्या खानावळीत दुपारी हे सूप मिळायचं. रंग फिकट पिवळा, चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरणारं, आंबट पण दात न आंबवणारं. शितं दिसायची, भाजीचा तुकडा एकही नाही. कोंबडी वेगळ्या ताटलीत यायची.

आजची खरेदी: ब्रॉयलर सव्वा किलो, स्किनसकट आणि अख्खी. हे दोनदा सांगावं लागलं, कारण आपल्याकडे विचारायच्या आतच सोलून तुकडे करतात. २६० रुपये. पंजे अर्धा किलो ४० रुपये, ते नखं काढून मागा. अंडी डझनभर ८४. कागदी लिंबं दहा रुपयांना तीन. अर्बोरिओ या इटालियन तांदळाचं अर्ध्या किलोचं पाकीट ३९० रुपयांना पाहिलं आणि परत ठेवलं. ग्रीसमध्ये याला आखूड, चिकट तांदूळ घालतात. आपल्या घरात इंद्रायणी आहे, तोही आखूड आणि चिकटच.

रविवार, ५ जानेवारी

कोंबडी कुकरला लावली. दीड लिटर पाणी, एक कांदा, एक गाजर, तमालपत्र, थोडी मिरी, चार शिट्ट्या. वेळ वाचला, बाकी काही साधलं नाही. कोंबडी तापताना जी मळी वर येते ती पळीनं काढून टाकायची असते. कुकरला झाकण असल्यामुळे ती काढता येत नाही आणि आतल्या उकळीत तिचा चुरा होऊन पाण्यात मिसळते. सूप गढूळ झालं. छातीचं मांस दोऱ्यासारखं सुटलं. चवीला कोंबडीपेक्षा कांदा-गाजराचा गोडवा पुढे.

गाळून त्यात पाऊण वाटी इंद्रायणी शिजवला. तीन अंडी आणि तीन लिंबांचा रस फेटला, त्यात दोन पळ्या गरम सूप सावकाश कालवलं आणि ते सगळं पातेल्यात ओतलं. अर्ध्या मिनिटात वर पिवळ्या गुठळ्या आणि खाली आंबट पाणी.

प्रत्येक कृतीत ‘हळूहळू ओता’ असं लिहिलेलं असतं. हळूहळूच ओतलं होतं. पण खाली गॅस चालू होता आणि पातेलं खदखदत होतं, त्यामुळे वरून दाखवलेल्या सबुरीचा काही उपयोग झाला नाही. लेकीनं सोया सॉस आणि मिरचीचं व्हिनेगर घालून ते चायनीज म्हणून संपवलं. सुमारे ४०० रुपये आणि अर्धा रविवार गेला.

बुधवार, ८ जानेवारी

स्वयंपाकघरातला सुईवाला थर्मामीटर मागवला, ४५० रुपये. या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी खरेदी हीच.

रविवारचं थोडं गाळलेलं पाणी तांदूळ घालायच्या आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. अख्खं पातेलं पणाला लावण्यापेक्षा वाटीवाटीनं तापवून पाहिलं. आकडे माझ्या थर्मामीटरचे आहेत, दोन-तीन अंश इकडेतिकडे धरा.

नुसतं पाणी, अंडं आणि लिंबू: सत्तरीला जरा दाट होतं, ७८ च्या आसपास रव्यासारखे कण दिसू लागतात. तेच लिंबाशिवाय: आणखी काही अंश टिकतं. म्हणजे आंबटामुळे अंडं लवकर आळतं. शिजलेला भात दोन चमचे कुस्करून घातला तेव्हा मात्र ८२ पर्यंत एकही कण नाही, ८६ ला बिघडायला सुरुवात.

कढीचंच गणित आहे हे. नुसतं ताक उकळलं की फुटतं, बेसन लावलं की सावरतं. इथं बेसनाची जागा तांदळानं घेतली आहे. पिठूळ पाणी मध्ये असलं की अंड्यातली प्रथिनं एकमेकांना पटकन चिकटत नाहीत. म्हणून भात वेगळा शिजवून शेवटी मिसळायला सांगणाऱ्या कृती मला पटत नाहीत. त्यात सूप नितळ राहतं खरं, पण अंड्याला धरून ठेवणारा आधारच आपण वेळून टाकतो. तांदूळ सूपमध्येच शिजू द्या, आणि धुवायचा तर एकदाच.

रविवार, १२ जानेवारी

आज गावरान कोंबडी. सव्वा किलोला ६५० रुपये, म्हणजे ब्रॉयलरच्या अडीच पट. वर पंजे होतेच.

या वेळी कुकर नाही, मोठं पातेलं. कोंबडी गार पाण्यात ठेवली, पाणी तिच्यावर चार बोटं. मध्यम आचेवर उकळी येईस्तोवर समोरून हललो नाही. करडी मळी वर येत राहते, ती पळीनं काढत राहायची. वीस मिनिटांनी पाणी स्वच्छ झालं, मग अख्खा सोललेला कांदा, अर्धंच गाजर, पानांसकट सेलरीची एक काडी, मिरी. आच इतकी कमी की पाण्याचा वरचा भाग फक्त थरथरला पाहिजे. बुडबुडे फुटायला लागले की पुन्हा गढूळपणा. मीठ शेवटी, कारण पाणी आटतं आणि सुरुवातीचं मीठ नंतर खारट लागतं.

गावरान पावणेतीन तास शिजली तरी मांडी चावायला लागत होती. पण पाणी! ब्रॉयलरच्या पाण्याशी त्याची बरोबरीच नाही.

मध्ये मी गॅलरीत फोनवर असताना आईनं त्यात हळद टाकली. “हळदीशिवाय कोंबडी शिजवायची? वास येतो रे.” तिचंही खरं आहे. आमच्याकडे अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं कोंबडीचं पाणी, काढायची तर मीठ-हळद आधी पडतेच, हात आपोआप डब्याकडे जातो. चवीत फार बिघडलं नाही, पण अंडं घातल्यावर रंग रंगपंचमीचा झाला असता. तिनं वाटीभर गरम पाणी लिंबू पिळून प्यायलं आणि म्हणाली, “आता यात अंडं कशाला कालवतोस? चांगलं झालंय की.” त्या पाण्याला अंडं लावलंच नाही. रात्री सगळ्यांनी अळणी-भात खाल्ला. प्रकल्पाच्या दृष्टीनं दिवस वाया, जेवणाच्या दृष्टीनं अजिबात नाही.

उरलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी ते जेलीसारखं थरथरत होतं. पंजांची कमाल. वर साचलेली चरबी बरीचशी काढली, थोडी ठेवली. सगळी काढली तर सूप बेचव लागतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरात गुळाच्या पोळ्या, त्यामुळे कोंबडीचं नाव नाही. लिंबांचं काम मात्र उरकलं.

ग्रीसमध्ये वापरतात ते मोठं, पिवळं, जाड सालीचं लिंबू. मॉलमध्ये आयात केलेलं एक नग ४५ रुपयांना मिळालं. त्याच्याशेजारी आपलं कागदी ठेवून दोन्ही कोमट पाण्यात पिळून चाखली. कागदी जास्त धारदार आहे आणि त्याला सालीचा हिरवट वास आहे. पिवळं सौम्य, किंचित गोडसर. माझ्या जिभेला पिवळ्याच्या ६० मिलीचा आंबटपणा कागदीच्या ४० ते ४५ मिलीत मिळतो. मंडईत इडलिंबूही दिसलं, पण ते आईनं लोणच्यासाठी ताब्यात घेतलं.

चव जुळवायला आयात लिंबाची गरज नाही, प्रमाण कमी केलं की पुरतं. पण दोन पथ्यं पाळायची. कागदी लिंबू फार दाबून पिळलं की बिया आणि साल चेंगरून कडवटपणा उतरतो. हलक्या हातानं पिळा आणि रस गाळा. आणि रस सकाळी काढून ठेवू नका. संध्याकाळी तो कडू लागला.

रविवार, १९ जानेवारी

कोंबडीचा प्रश्न तडजोडीनं सोडवला: ब्रॉयलर अख्खी, सोबत गावरानच्या पाठी-माना आणि पंजे. चिकनवाला पाठी-माना निम्म्या भावात देतो. ब्रॉयलर पन्नास मिनिटांनी बाहेर काढली, मांस सोडवून घेतलं आणि हाडं परत पातेल्यात टाकून आणखी दीड तास मंद ठेवली. मांस मऊ राहिलं, पाण्यालाही दम आला. हीच पद्धत कायम.

आज अंड्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी केल्या. ग्रीक घरांत दोन्ही चालतात. एकीत अख्खी अंडी लिंबाबरोबर फेटायची. दुसरीत पांढरं वेगळं काढून फेस येईस्तोवर घुसळायचं, मग बलक, मग रस. पांढरं मी ताक घुसळायच्या रवीनं घुसळलं. उंच डब्यात तळाला रवी टेकवून दोन्ही तळव्यांत फिरवली तर चार-पाच मिनिटांत घट्ट फेस उभा राहतो. बीटर नसेल त्यांनी करून बघा, डब्याला तेलाचा अंश नको.

फेसाचं सूप दिसायला राजेशाही, वर ढग तरंगतो, पण पानात वाढेपर्यंत तो ढग बसतो आणि खाली साधंच सूप उरतं. शिवाय फेस नीट कालवला गेला नाही तर पांढऱ्याचे तुकडे तसेच शिजतात. खानावळीतलं सूप असं नव्हतं. अख्खी अंडी फेटून केलेलं त्याच्या जवळ गेलं. त्यातही दोन अख्खी आणि एक जादा बलक, हे प्रमाण जास्त मखमली.

तांदूळ मात्र जास्त पडला. सव्वा लिटरला पाऊण वाटी इंद्रायणी घातला तर तासाभरात त्याची पेज होते. इंद्रायणी ग्रीक तांदळापेक्षा जास्त पाणी पितो असं दिसतंय.

आणखी एक. सूपमध्ये अंडं ओतताना काही ग्रीक घरांत तोंडानं मुका घेतल्यासारखा आवाज काढतात, म्हणजे ते फुटत नाही अशी समजूत. हे मी घरात सांगायला नको होतं. लेक दहा मिनिटं आवाज काढत पातेल्याभोवती फिरत होती.

सोमवार, २० जानेवारी

कालचं उरलेलं बायकोनं डब्यात न्यायला म्हणून गॅसवर उकळलं. फुटलं. उकळू नये हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. दुरुस्तीचा प्रयोग म्हणून उभा मिक्सर फिरवला. शितं आणि गुठळ्या दोन्ही एकजीव झालं, दिसायला गुळगुळीत. जिभेवर किंचित पिठूळ लागतं, पण टाकायची वेळ येत नाही. त्याआधी मांस बाहेर काढायला विसरू नका.

पुन्हा गरम करायचं तर एका पातेल्यात उकळतं पाणी, त्यावर सूपचं भांडं, सतत ढवळत ७५ अंशांपर्यंत. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे अंडं-लिंबू फक्त त्या वेळेच्या जेवणापुरतंच लावायचं. तांदळासकट पाणी दोन दिवस फ्रिजमध्ये नीट राहतं, अंडं लावायला पाच मिनिटं लागतात.

रविवार, २६ जानेवारी

कोंबडी आणली नाही. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढताहेत, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडल्याच्या बातम्या आहेत. तो दूषित पाण्यातून पसरतो आणि कच्च्या-अर्धकच्च्या कोंबडीतूनही. घरातून सरळ सूचना आली: “अहो, हे तुमचं अर्धं शिजलेलं अंड्याचं सूप काही दिवस बंद.”

बंद ठेवलं. पण ‘अर्धं शिजलेलं’ या शब्दाशी मी सहमत नाही, म्हणून आकडे मांडले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सांगण्यानुसार अंड्याच्या पदार्थाला ७१ अंश आणि कोंबडीला ७४ अंश सेल्सियस गाठायला लागतात. कोंबडी पन्नास मिनिटं शिजते, तिचा प्रश्न नाही. अंड्याच्या बाबतीत ७१ च्या खाली थांबलो तर धोका, आणि तांदूळ असताना साधारण ८२ च्या वर गेलो तर गुठळ्या. मधली जागा दहा-अकरा अंशांची आहे. ७५-७६ वर आणून थांबायचं, दोन्हीकडे हात राखून. नुसत्या अंदाजानं करणारे बहुधा ६५ लाच घाबरून गॅस बंद करतात. दाटपणाही मग अर्धवट येतो.

खरा धोका कच्च्या कोंबडीच्या हाताळणीतच आहे. आम्ही आजवर ती नळाखाली धुवायचो आणि शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर. ते बंद केलं. पातेल्यात कोंबडी सरळ ठेवायची, मळी तशीही काढायचीच असते. पाट आणि सुरी वेगळी, हात साबणानं.

रविवार, २ फेब्रुवारी

काल माघी गणेश जयंती होती, म्हणून आज. घरातली परवानगी थर्मामीटर टेबलावर ठेवण्याच्या अटीवर मिळाली. जहाजावरचा एक जुना सोबती जेवायला होता. तो पेरामाला माझ्याबरोबर होता, म्हणजे परीक्षक तोलामोलाचा.

चार जणांसाठी जे जमलं ते असं. गाळलेलं कोंबडीचं पाणी सव्वा लिटर, चमचाभर चरबीसकट. इंद्रायणी ७० ग्रॅम, म्हणजे आमची छोटी वाटी अर्धी, एकदाच धुतलेला, अठरा मिनिटं मंद शिजवलेला, शीत बोटांत सहज दबेपर्यंत. त्यातला पळीभर भात पळीच्या पाठीनं पातेल्यातच चेचला. मग गॅस बंद आणि पातेलं ओट्यावर. इथं घाई नको, पाणी ८५ च्या खाली उतरू दिलं. तोवर दोन अख्खी अंडी आणि एक बलक, दोन्ही फ्रिजमधून तासभर आधी काढलेले, काट्यानं फेटून त्यात ४० मिली कागदी लिंबाचा गाळलेला रस. या मिश्रणात पातेल्यातलं सूप आधी चमच्याचमच्यानं, मग पळीनं, एकूण चार पळ्या, एका हातानं ओतत आणि दुसऱ्यानं ढवळत. वाटी हाताला चांगली गरम लागली की ती परत पातेल्यात, बारीक धारेनं.

आता सूप ७० च्या जवळ असतं. पातेलं सगळ्यात लहान आचेवर, लाकडी डाव तळाला घासत फिरवत, ७५. मला तीन-चार मिनिटं लागली. ७३ च्या पुढे ते अचानक दाट होतं, डावाच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ राहते. लगेच उतरवायचं आणि दुसऱ्या भांड्यात ओतायचं, कारण जाड बुडाचं पातेलं गॅस बंद केल्यावरही तापवत राहतं. माझ्या पातेल्यात ते आणखी चार अंश चढलं असतं.

मीठ शेवटी पुन्हा चाखायचं. लिंबू पडल्यावर आधीचं मीठ कमी वाटतं. वर ताजी मिरी. शेपू घातला तर चालतो, त्यांच्याकडेही घालतात, पण थोडा. आपल्या शेपूची भाजी करायच्या हातानं घातला तर लिंबाचा वास मरतो.

सोबत्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाला, लिंबू थोडं कमी आहे, तिथे आणखी आंबट होतं. मला तसं आठवत नाही. वाद मिटला नाही, म्हणून टेबलावर चिरलेलं लिंबू ठेवलं. आईनं पुष्कळ मिरी घालून खाल्लं आणि हळद हवी होती असं मत कायम ठेवलं.

खर्च: ब्रॉयलर, पाठी-माना, पंजे, अंडी, लिंबं मिळून ३९० च्या आसपास, पण मांस बहुतेक उरलं. त्याचं संध्याकाळी कांदा-मिरची घालून सुकं झालं. वेळ तीन तास, त्यातला समोर उभं राहण्याचा पाऊण तास.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाणी फ्रीजरमध्ये होतं म्हणून युवारलाकिया केले: खिम्याचे छोटे गोळे याच पाण्यात शिजवून वर तेच अंडं-लिंबू. ग्रीसमध्ये ईस्टरच्या रात्री कोकराच्या काळजा-आतड्यांचं मागिरित्सा नावाचं सूप करतात, त्यालाही हेच लावतात. द्राक्षाच्या पानांच्या दोल्माद्यांवरही हेच. म्हणजे एकदा ७५ अंशांची शिस्त लागली की पुढचे पदार्थ उघडतात.

मटण खिमा पाव किलो, कच्चा इंद्रायणी दोन मोठे चमचे, बारीक चिरलेला कांदा, पुदिना, मीठ, मिरी. तांदूळ कच्चाच घालायचा, तो गोळ्यात फुगतो. गोळे सुपारीएवढे हवेत, मी लाडवाएवढे केले तर आतला तांदूळ कचकच लागला आणि आणखी वीस मिनिटं शिजवावे लागले. एक-दोन फुटलेही. खिमा जाडसर होता. पुढच्या वेळी मशीनमधून दोनदा काढून मागायचा.